अप्पांचं देणं

1981 च्या एप्रिलात माझ्या नावावर एक मनिऑर्डर आली. पाठवणाऱ्याला मी तोवर पाहिलेलंही नव्हतं. आज माझ्यापाशी जे काही शिक्षण आहे, शेतीकडे बघायची जी काही नजर आहे, ती त्या माणसाची देणगी आहे. लिहायला मात्र मला चाळीस वर्षं लागली.

मी तेव्हा धारवाडच्या शेतकी कॉलेजात होतो. घर निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठाला. नदीकडेला थोडा ऊस, बाकी काळ्या रानात तंबाखू. त्या मार्चात शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. त्यात आमचे दादाही होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. दादा धडधाकट परतले, पण कितीतरी दिवस जेवायच्या पानावरसुद्धा गप्प असायचे. आमचा माल ज्याच्याकडे गेला होता त्याच्याकडून पैसे आलेले नव्हते. माझी फी थकली, मेसचं बिल थकलं. मी वळकटी बांधायला घेतली.

खोलीत माझ्यासोबत मूडिगेरेचा एक मुलगा राहायचा. चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या कॉफीवाल्यांच्या घरातला. त्यानं मला न विचारता घरी पत्र टाकलं आणि त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, पैसे धाडले. मनिऑर्डरच्या चिठोऱ्यावर कन्नडमध्ये एवढंच होतं की शिक्षण सोडू नकोस, पैशाचं पुढं बघू. कुठं चिक्कमगळूर आणि कुठं निपाणी! सीमाभागात वाढलेल्या आमच्या पिढीला भाषेवरून माणूस ओळखायची सवय लागली होती. अप्पांनी मात्र मला ओळखलं ते शेतकऱ्याचा पोरगा म्हणून.

त्यांचे स्वतःचे पैसे तरी वेळेवर कुठं येत होते? त्या काळी पिकलेली सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या साठ्यात घालावी लागे. बोर्ड विकणार आणि मळेवाल्याला हप्त्याहप्त्यानं पैसे देणार. शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत पुढचं पीक निघालेलं असायचं. हे बंधन पुरतं सुटायला 1996 उजाडलं. पैशाची वाट बघणं म्हणजे काय, हे अप्पांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. मी पोचलो त्याच्या आदल्या आठवड्यात तिथं पाऊस पडून गेला होता आणि सगळा डोंगर कॉफीच्या फुलांनी पांढरा झाला होता. मोगऱ्यासारखा वास. पांगारा, फणस आणि सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं, सिल्व्हर ओकवर चढलेले मिरीचे वेल. कॉफी उन्हात नव्हे, सावलीत वाढवायची असते हेच मला नवीन होतं.

अप्पांनी आधी मला विचारलं, तुमची तंबाखू कशी येते ते सांग. मी सांगितलं. ऑगस्टात लावण. पावसाळा सरता सरता काळी जमीन पोटात ओल धरून ठेवते. मग थंडी आणि दव, वरून पाणी नको. पान जाड होतं, हाताला चिकटतं, त्यावर तांबूस ठिपके उठतात. ऐन काढणीआधी पाऊस झाला तर पानावरचा चीक धुऊन जातो आणि वखारीत त्या मालाला कुणी विचारत नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग तुला कॉफी कळेल.

कॉफीलाही कोरडी थंडी लागते. कळ्या फांदीवर तयार होऊन निजून राहतात. मार्च-एप्रिलात इंच-दीड इंच पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत फुलतात. त्यानंतर काही आठवड्यांनी दुसरी सर यायला हवी, नाहीतर फळ धरत नाही. हा पाऊस महिनाभर लांबला तर वर्ष हातचं गेलं. आमच्या बेळगावलाही उंची आहे, अडीच हजार फुटांच्या आसपास, आणि पश्चिमेला कणकुंबीकडं तर पाऊस धो धो कोसळतो. पण ऑक्टोबरात तो गेला की वळवापर्यंत रान कोरडंच राहतं. उत्तरेकडं यावं तसा हा कोरडा काळ लांबत जातो. तरीही महाराष्ट्रात चिखलदऱ्याला, मेळघाटच्या उंचीवर, कॉफी होते. उंचीचा उपकार मोठा असतो.

तो उपकार अप्पांनी मला दोन मुठींत दाखवला. एका मुठीत वरच्या उतारावरचं बी, दुसरीत खालच्या ओहोळाकडचं. जात एकच, बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राची एस. 795. वरचं बी बारीक, घट्ट, मधली रेघ मिटलेली आणि नागमोडी. खालचं फुगीर, रेघ सरळ आणि उघडी. वर रात्री गार असतात, फळ सावकाश पिकतं, म्हणून बी भरतं, असं ते म्हणाले. मग लोखंडी कढईत दोन्ही वेगवेगळं भाजलं, कुटलं आणि बिनदुधाचं माझ्यापुढं ठेवलं. वरच्या कॉफीत एक स्वच्छ आंबटपणा होता, घोट गिळल्यावरही जिभेच्या कडांना राहणारा. खालची गुळमट, जड. मधे चालत जाण्याएवढंच अंतर, आणि दोन चवी! पुढं आयुष्यभर मातीचे नमुने तपासण्याची नोकरी केली, पण माती आणि हवा जिभेवर येते हे मला कळलं ते त्या पडवीत.

मंगळूरच्या वखारींची गोष्टही त्यांचीच. शिडाच्या जहाजांतून महिनोन् महिने युरोपला जाताना समुद्राच्या दमट हवेनं कॉफी फुगायची, फिकट पिवळी पडायची, तिचा आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. जहाजं वेगवान झाली आणि चव हरवली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मंगळूरच्या उघड्या वखारींत बी पसरून त्याला मोसमी वारा मुद्दाम देतात. आमच्या निपाणीत वखारीचा मालक दमट हवेच्या धास्तीनं दारं लावून घेतो!

नोकरी लागल्यावर मी पैसे घेऊन गेलो. अप्पांनी हात लावला नाही. त्यांच्या घरी कॉफीत गूळच पडायचा. म्हणाले, देणारच असशील तर तुमच्याकडचा गूळ पाठव. तेव्हापासून गुऱ्हाळ लागलं की एक ढेप मूडिगेरेला जाते. उलट टपाली कॉफी येते.

अप्पा आता नाहीत. 2019 मध्ये चिक्कमगळूर अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते बघायला हवे होते. मळा माझा मित्र सांभाळतो. अलीकडं जानेवारीतच, पिकलं फळ झाडावर असताना, पाऊस येतो. तोडणी अर्धी राहते, खळ्यावरचं वाळवण भिजतं, आणि कळ्या भलत्याच वेळी जाग्या होतात. खालच्या भागातली अरेबिका काढून तो रोबस्टा लावतोय. रोबस्टाला भाव आहे, गरम हवाही ती जास्त सोसते. वरचा तुकडा मात्र मोडू नको, असं मी त्याला भीतभीतच म्हणालो. सांगायचा मला काय अधिकार? तो म्हणाला, अप्पांची झाडं राहतील, पण वेचायला माणसं कुठनं आणू?

या डिसेंबरात आम्ही दोघं नवराबायको आणि आमची लेक तोडणीला जाणार आहोत.