दोन पडद्यांमधला सूर

गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे बसवलेले असतात, ते स्वर नेमक्या जागी थांबावा म्हणून. स्लाइड गिटार वाजवणारा या पडद्यांना जुमानत नाही. तारांवर पोलादी कांडी वा काचेची नळी टेकवून तो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. आपल्याकडे यालाच मींड म्हणतात. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात कृष्णवर्णीय वादकांनी सुरीच्या पात्याने, बाटलीच्या गळ्याने हा स्वर काढला आणि तो ब्लूजचा उसासा झाला. पुढे ड्युएन ऑलमनने औषधाच्या रिकाम्या बाटलीने तोच रॉक संगीतात नेला. १९७१ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी तो अपघातात गेला.

आमचे वरवट बकालही कापसाच्याच मुलखातले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली. मात्र स्लाइड गिटार इकडे कापसाच्या वाटेने आली नाही. ती हवाई बेटांवरून कलकत्ता-मुंबईमार्गे आली, आणि चित्रपटसंगीताने तिला आपलेसे केले.

ते घडवणाऱ्यांत व्हॅन शिपली हे ठळक नाव. १९२७ साली लखनौला एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शिपली रागसंगीताची तालीम घेऊन मुंबईला आले. चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते व्हायोलिन आणि गिटार वाजवीत. आठ तारांची विद्युत गिटार त्यांनी स्वतःच्या कल्पनेने घडवून घेतली. एचएमव्हीने त्यांच्या चित्रपटगीतांच्या धुनांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांपैकी काहींत पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स त्यांच्या साथीला होते. २००८ मध्ये मुंबईत शिपली निवर्तले.

ऐंशीच्या दशकात या जातीच्या धुना आमच्या गावात ऐकू येत त्या शिंप्याच्या दुकानातल्या रेडिओवर, बातम्यांआधीची दोन-चार मिनिटे भरून काढण्यासाठी. वादकाचे नाव सांगण्याइतकी सवड निवेदकाला नसे. ठरलेली वेळ झाली की अंतरा अर्ध्यावर तुटे. बातम्या सुरू होत, आणि शिवणयंत्रावरचा माणूस उरलेला अंतरा शब्दांसकट स्वतः पुरा करी.

मला वाटते, या कलेचे मर्म त्या शिंप्याला उमगले होते. गिटारला व्यंजने उच्चारता येत नाहीत; तिच्यापाशी असतात ते केवळ लांबवलेले स्वर. शब्द ऐकणाऱ्याने आपल्या आठवणीतून घालायचे. मग प्रश्न उरतो तो असा की, आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्याचे स्वतःचे असे काय?

मराठीच्या अध्यापकाला हा प्रश्न परका वाटू नये. ज्ञानेश्वरी हीदेखील दुसऱ्या ग्रंथावरील टीकाच आहे. थोरवीची तुलना मला करायची नाही, रीतीची करायची आहे. मूळ दुसऱ्याचे असले तरी एका शब्दाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट टीकाकाराची असते. शिपलींच्या वादनातही चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर किती रेंगाळत जायचे हे त्यांच्या हाताने ठरवलेले असे. तीन मिनिटांच्या तबकडीत आपली सारी तालीम त्यांनी या एवढ्याशा जागेत ठेवली. चाल ओळखून झाल्यावर आपण ऐकणे थांबवतो. शिपलींचे काम तिथून पुढे सुरू होते.