पोटरी

परवा आवणीच्या दिवसांत डोळखांबला घरी गेलो होतो. रात्री भाताच्या खाचरांतून बेडकांचा घोष सुरू झाला आणि पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या मनात एक जुना प्रश्न जागा झाला.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत मेणाच्या ताटात टाचण्यांनी खिळलेला बेडूक माझ्या वाट्यास आला. क्लोरोफॉर्मच्या वासाने मळमळत होते. पायाची कातडी मोज्यासारखी उतरली आणि खालचा पोटरीचा स्नायू दिसला: वर फुगीर, पुढे निमुळता होत पांढऱ्याशुभ्र कंडरेत संपणारा. चिमट्याने ती कंडरा ओढताच मेलेले पाऊल ताणले गेले! बेडकाचा निर्जीव पाय विजेने उसळतो, हे गॅल्व्हानीने १७९१ साली जगाला सांगितले. मला मात्र साध्या चिमट्याने दीक्षा दिली. स्नायू केवळ ओढतो, ढकलीत नाही, हे वाचले अनेकदा होते. कळले त्या क्षणी.

सुट्टीत मोठ्या ऐटीने ही विद्या मी आमच्याकडे आवणीस येणाऱ्या एका वृद्ध ठाकूरबाबांना सांगितली. चिखलातून बांधावर येऊन ते चवड्यांवर उभे राहिले. पोटरीची गाठ टरारून वर आली.

"ही काय पोटरी! त्यापायी बेडूक कशाला मारला रं?"

मी हसलो. पुढे प्राध्यापक झालो आणि वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांकडून तेच करवून घेतले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्यास आणि २०१४ साली ते थांबविण्यास सांगितले, तेव्हा मी रागावलोही होतो. चित्रातली कंडरा ओढता येत नाही, हा माझा युक्तिवाद आजही मला खोटा वाटत नाही. पण माझ्या त्या वर्गातले बहुतेक जण पुढे बँकांत आणि कचेऱ्यांत गेले. त्यांच्या ताटांतले बेडूक कोणत्या ज्ञानासाठी गेले?

हल्ली मी विद्यार्थ्यांना स्वतःच्या पोटरीवर हात ठेवून टाच उचलावयास सांगतो. स्नायू आखडून कठीण होतो, टाचेवरची कंडरा दोरीसारखी ताणते. आतला शुभ्र रंग तेवढा त्यांना दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः आवणीस उतरलो. दुपारपर्यंत दोन्ही पोटऱ्या भरून आल्या. बांधावर बसून त्या चोळताना बाबांची आठवण झाली. ते आता नाहीत. आणि त्यांच्या प्रश्नाचे माझ्याजवळ अजून अर्धेच उत्तर आहे.