यतीपूर्वीचे नाव

लग्नात भाषण करण्याची रीत मराठी घरांत फारशी नाही. दोन्ही कुटुंबांविषयी चारचौघांत जे बोलायचे ते मंगलाष्टकांतून, म्हणजे वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला असताना गायिल्या जाणाऱ्या आशीर्वादपर श्लोकांतून बोलले जाते, आणि पारंपरिक श्लोकांच्या जोडीला त्या जोडप्यासाठीच रचलेले एखादे मराठी कडवे आत्याने किंवा मावशीने म्हणावे, असा प्रघात आहे. अशा कडव्याचा आशय सासर, माहेर, कुलदैवत आणि थोरांची पुण्याई एवढ्यावर भागतो. रचनाकाराचा कस लागतो तो वराच्या नावात.

मंगलाष्टकाचे रूढ वृत्त शार्दूलविक्रीडित असून त्याच्या प्रत्येक चरणात १९ अक्षरे असतात. त्यांतील लघु (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ, किंवा ज्याच्यावर पुढील जोडाक्षराचा आघात येतो ते) अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात, आणि १२व्या अक्षरावर यती, म्हणजे श्वास घेण्याचा थांबा, येतो. शेवटच्या चरणात यतीनंतरची सात अक्षरे ‘मंगलम्’वर संपणाऱ्या पालुपदाने आधीच अडवलेली असतात. वैदेही हे तीन गुरूंचे नाव यती न मोडता चरणाच्या आरंभीच बसते, निखिल हे तीन लघूंचे नाव नवव्या ते अकराव्या अक्षरांतच मावते, आणि चार लघूंचे अभिजित तर मूळ रूपात कोठेच शिरत नाही.

मुलींची नावे बहुधा दीर्घ स्वरावर संपत असल्याने, आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ‘अदिति’चीही ‘अदिती’ केल्याने, ती गळ्यात सहज बसतात. मुलांची नावे मात्र पुष्कळदा अकारान्त असतात, आणि मराठी जीभ शेवटचा ‘अ’ गिळते, तर वृत्त तो मोजून मागते. ‘निखिल हा’ ही अक्षरे यतीपर्यंत बिनचूक बसली, तरी ‘ल’ पूर्ण उच्चारल्यास नाव परके वाटते. तो गिळल्यास ‘खिल्’ गुरू होऊन एक अक्षर गळते आणि चाल लंगडते. आणि ‘निखिला’ असे जुन्या काव्यातले रूप योजल्यास मांडवाला ते नवरीच्या मैत्रिणीचे नाव वाटते.

प्रस्तुत लेखकाचा श्वास वयोमानाने यतीपर्यंत पुरेनासा झाल्यापासून गायन शिष्येकडे गेले आहे, आणि ही अडचण त्याला आता ध्वनिवर्धकाच्या दुसऱ्या बाजूने ऐकावी लागते. शिष्या ‘अ’ गिळते. विचारल्यावर, आई ज्या हाकेने बोलावते तेच नाव मांडवात ऐकू यायला हवे, असे उत्तर देते, आणि त्या क्षणी वराची आई अक्षतांची मूठ तशीच धरून मान वर करते, हे नाकारता येत नाही. तरीही गळलेले अक्षर हा दोषच, असे प्रस्तुत लेखकाचे मत कायम आहे.

हल्ली चित्रपटगीतांच्या चालीवर नावे कोंबून मंगलाष्टके म्हणणाऱ्यांना ही अडचण जाणवतच नाही, कारण त्यांच्याकडे मोडण्यासारखे वृत्तच नसते. त्यांची कडवी अधिक गाजतात, आणि पाहुणे ती फोनवर टिपूनही घेतात. या लोकप्रियतेला अभिरुचीचा ऱ्हास म्हणण्यात मत्सराचा भाग किती, याचा हिशेब प्रस्तुत लेखकाने टाळला आहे. वधूवरांच्या सुखापेक्षा अवघड नावाचा आनंद त्याला नेहमीच मोठा वाटला. पत्रिका हाती आली की तो मुहूर्ताआधी वराच्या नावाचे लघुगुरू मोजतो, आणि नाव सोपे निघाले तर हिरमुसतो. पंगतीत कडव्याची स्तुती होते ती बहुतेक वेळा गळ्याची असते, तेव्हा यतीचा विषय काढून ती आपल्याकडे वळवण्याचा त्याचा खटाटोप सुरू होतो, आणि शिष्या मठ्ठा आणण्याच्या निमित्ताने उठते.