सेवाग्रामच्या प्रार्थनेंतील जपानी मंत्र

वर्धा शहरापासून सुमारें ८ किलोमीटरांवर सेवाग्राम आहे. तेथील आश्रमाच्या प्रार्थनेस बसलेल्या नवख्या माणसाच्या कानीं आरंभींच 'नम्यो हो रेंगे क्यो' हे शब्द पडतात, आणि ईशावास्याच्या आधीं हें काय, असा प्रश्न त्यास पडतो. शब्द जपानी खरे. परंतु त्यांचें कुल शोधूं गेल्यास तें आपल्याच घरचें निघतें, हें आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

निचिदात्सु फुजी नांवाचे जपानी भिक्षु १९३१ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १९३३ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें गांधीजींस भेटले. पंख्यासारख्या, मूठ असलेल्या चर्मवाद्यावर ठोका देत ते व त्यांचे शिष्य याच मंत्राचा जप करीत. पुढें त्यांच्या पंथाचे भिक्षु आश्रमांत राहिले, व त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेंत आला.

आतां पदच्छेद पाहूं. मंत्राचें पूर्ण रूप 'नमु म्योहो रेंगे क्यो'. 'नमु' म्हणजे आपलें 'नमः', 'म्योहो' म्हणजे सद्धर्म, 'रेंगे' म्हणजे कमळ आणि 'क्यो' म्हणजे सूत्र. सर्व मिळून 'नमः सद्धर्मपुण्डरीकसूत्राय', अर्थात् त्या नांवाच्या महायान ग्रंथास वंदन!

हा संस्कृत ग्रंथ कुमारजीवानें इ. स. ४०६ मध्यें चिनी भाषेंत उतरविला. 'नमः' हें पद चिनी लोकांनीं ध्वनीनें घेतलें. बाकीचीं पदें अर्थानें घेतलीं. 'सत्' या पदासाठीं २८६ सालच्या धर्मरक्षाच्या भाषांतरांत 'योग्य' या अर्थाचा शब्द होता. कुमारजीवानें 'अद्भुत' या अर्थाचा योजिला, तोच जपानी 'म्यो'. पुण्डरीक म्हणजे पांढरें कमळ. प्रवासांत त्याचा रंग गळून नुसतें कमळ उरलें. 'सूत्र' या पदास मिळालेल्या चिनी अक्षराचा मूळ अर्थ विणकराचा ताणा, म्हणजे उभा धागा, असल्यामुळें तेथें धाग्यास धागाच मिळाला. हीं अक्षरें जपानांत गेल्यावर त्यांस तेथील उच्चार लागले, आणि १२५३ सालीं निचिरेन या आचार्यानें ग्रंथाचें नांव घेणें हीच साधना म्हणून शिकविली.

नामस्मरणाची ही वाट महाराष्ट्रास सांगावयास नको. ज्या पुंडलिकाच्या नांवाचा गजर वारकरी करितात, त्यास संस्कृत माहात्म्यांत 'पुण्डरीक' असेंच म्हटलें आहे.

डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरला, आणि आश्रमांतील जपानी भिक्षूस सरकारनें पकडून नेलें. त्या दिवसांत शत्रुराष्ट्राच्या भाषेंतील शब्द प्रार्थनेंतून गाळणें सोपें होतें. परंतु माणूस गेला तरी त्याचा मंत्र गांधीजींनीं प्रार्थनेंत ठेविला. राजांचीं वैरें भाषेवर लादूं नयेत, हा धडा तेथें व्याख्यानावांचून मिळाला.

फुजी गुरुजी १९८५ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं निवर्तले. वर्ध्यास गीताई मंदिराजवळ त्यांच्या पंथाचा विश्वशांति स्तूप १९९३ पासून उभा आहे. वाचकांनीं तिकडे जाणें केल्यास मुलांस बरोबर न्यावें, आणि मंत्र कानीं पडतांच त्याचा पदच्छेद त्यांच्याकडून करवून घ्यावा. संस्कृताचा इतका रसाळ पाठ वर्गांत सहसा सांपडत नाहीं.