गुडघ्यावरचे चिलखत

मराठीच्या वर्गात 'चिलखत' हा शब्द आला की मुले तत्काळ प्रतापगडावर जाऊन पोहोचतात. साताऱ्यात हे स्वाभाविकच म्हणायचे. गड आमच्याच जिल्ह्यातला. १० नोव्हेंबर १६५९ ची हकिकत इथल्या मुलाला बाळकडूबरोबरच मिळालेली असते. अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप, हा बखरींतून व लोकपरंपरेतून चालत आलेला तपशील सांगताना त्यांचे डोळे चमकतात. महाराजांनी चिलखत घातले म्हणजे ते भ्याले होते, असे त्यांतल्या एकाच्याही मनात येत नाही. सावधपणा हा तिथे पराक्रमाचाच एक भाग ठरतो. आणि तरीही, याच मुलांपैकी जी रविवारी गिअरच्या सायकली घेऊन यवतेश्वराच्या डोंगरावर जातात व पायवाटांनी खाली उतरतात, त्यांना "गुडघ्याला पॅड बांधा" म्हटले की ती हसतात. प्रस्तुत टिपण त्या हसण्याविषयी आहे.

डोंगरातली सायकल ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे वर्णन करायला हवे. साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटाने कासच्या दिशेने चढणारा रस्ता डांबरी आहे; तिथे कसोटी असते ती दमाची. गुडघ्याचा प्रश्न उभा राहतो तो डांबर सोडल्यावर. आमच्या डोंगरांना माथ्यावर कुठे जांभा, अंगावर काळा पाषाण आणि या दोहोंच्या मधे सुटा मुरूम. पावसाळा सरला की कमरेएवढ्या गवतात दगड दिसेनासे होतात. (फुलांच्या पठारावर चाक घालू नये, हे वेगळे सांगायला नको, मी बोलतो आहे ते गुराख्यांच्या जुन्या वाटांबद्दल.) उतारावर पुढचे चाक दगडाला अडले की सायकल थांबते, स्वार मात्र थांबत नाही, तो हँडलवरून पुढे फेकला जातो. हात आपोआप पुढे येतात, आणि मनगट, खांदा, गळ्याजवळचे हाड व गुडघा यांपैकी कोणीतरी त्याची किंमत मोजते. माझा जन्म सांगलीचा. काळ्या मातीच्या सपाट मुलखात आम्ही पडलो तरी ढेकळांत पडत होतो. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर गेल्याशिवाय दगडाशी गाठ पडत नसे. साताऱ्यात ती घराबाहेर पडताच पडते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात शिराळा तालुक्यातला एक मुलगा होता. ऊसवाल्याचा मुलगा, अंगाने काटक, बी. ए. मराठी करीत होता ते केवळ पदवी हवी म्हणून. खरा डोळा पोलीस भरतीवर. पहाटे मैदानावर सोळाशे मीटरचा सराव आणि रविवारी मित्राच्या सायकलीवर डोंगर. एका उतारावर तो काळ्या दगडाच्या पायरीवर गुडघ्यावर आदळला आणि गुडघ्याची वाटी फुटली. शस्त्रक्रिया झाली, तार घातली, चालू लागला. आज तो नीट चालतो. पण धावणे पूर्वीसारखे राहिले नाही आणि पुढची भरती निघाली तेव्हा वयाची मर्यादा उलटून गेली होती. सध्या तो औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात हिशेब लिहितो. आपल्याकडे, विशेषतः सातारा-सांगलीच्या खेड्यांत, तरुणाचा गुडघा ही घराची ठेव असते, हे शहरी खेळाडूच्या सहसा ध्यानात येत नाही. त्या गुडघ्यावर बापाचे कर्ज आणि बहिणीचे लग्न उभे असते.

मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने आपणहून सांगितले, "सर, पॅड होतं पिशवीत. बांधलं नव्हतं."

का नव्हते बांधले? पैशाचा प्रश्न नव्हता. पॅड मित्राचे होते. उकाड्याचाही नव्हता. त्याच्या उत्तरात जो शब्द आला तो 'लाज'. बरोबरच्या चौघांनी बांधले नव्हते. शिवाय गावाकडे गुडघ्याला बांधायची वस्तू एकच ठाऊक: म्हाताऱ्या माणसांची, सांधेदुखीवरची नी-कॅप. वीस वर्षांच्या पोराने ती घालून डोंगर उतरायचा म्हणजे आज्जीच्या रांगेत बसण्यासारखे.

विद्यार्थ्यांच्या या लाजेला साहित्याने खतपाणी घातले आहे काय, असा प्रश्न मग मला पडला. कर्णाची कवचकुंडले आपल्याला आठवतात ती तो अंगावरून उतरवून देतो त्या क्षणामुळे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना त्या कर्णाच्या प्रेमात पाडले. कवच असलेला कर्ण अजिंक्य असतो. कवच दिलेला कर्ण आपला होतो. उघड्या छातीविषयीचे हे आकर्षण आपल्या काव्यदृष्टीत खोल मुरलेले आहे, आणि दानाच्या संदर्भात ते उदात्तही आहे. मात्र कर्णाने कवच दिले ते मागणाऱ्याला, काहीएक मूल्य राखण्यासाठी. डोंगराच्या उतारावर आपण ते कोणाला देतो? दगड याचक नसतो.

या विषयावर आमच्या स्टाफरूममध्ये बराच खल झाला. पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की पॅड बांधलेला मुलगा अधिक वेगाने उतरेल. संरक्षणाने जे मिळवले ते धाडसात उधळले जाईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली मोटारींच्या सुरक्षा-नियमांविषयी याच धर्तीचा युक्तिवाद केला आणि त्यावर आजवर वाद चालू आहे. परंतु डोंगरातल्या सायकलस्वाराला हा आक्षेप लावताना, पॅड नेमके काय करते हे आधी पाहायला हवे. काहींना बाहेरून कडक कवच असते, ते दगडावर अडकण्याऐवजी घसरते. काहींत असा फोम असतो की पायडल मारताना तो मऊ राहतो आणि अचानक आघात झाला की क्षणभर घट्ट होतो. कॉर्नफ्लोअरच्या दाट पिठात बोट हळू घातले तर जाते, जोराने मारले तर अडते, तसे काहीसे. दोन्ही प्रकार खरचटणे आणि समोरून बसणारा मार सौम्य करतात. गुडघा पिळवटून आतले बंध तुटायचे असतील तर पॅड ते थांबवू शकत नाही. गळ्याजवळच्या हाडाशी तर त्याचा संबंधच नाही. गांधारीच्या दृष्टीने वज्र झालेल्या दुर्योधनाची मांडी तेवढी झाकलेली राहिली, आणि गदा तिथेच बसली, अशी लोककथा आहे. प्रत्येक कवचाला अशी एक मांडी असते. आपले पॅड काय करू शकत नाही हे ज्याला नीट सांगितले आहे, तो त्याच्या भरवशावर वेग वाढवील असे मला वाटत नाही.

लाजेचा प्रश्न मात्र माहितीने सुटत नाही, आणि माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. सांगलीत वाढलेल्या मला तालमीचे उदाहरण आठवते. पैलवान अंगावर लंगोटाखेरीज काही बाळगत नाही, म्हणून आपण समजतो की कुस्तीत संरक्षण नाही. पण हौद्यातली लाल माती पाहा. ती चाळलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद मुरवलेली असते. रोज ती खणून भुसभुशीत करावी लागते. तालमीने पॅड अंगावर न बांधता जमिनीवर अंथरले. ते सर्वांचे असल्यामुळे कोणाला त्याची लाज नाही, आणि माती खणणे हे भित्रेपणाचे लक्षण न मानता व्यायामाचाच भाग मानले गेले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ते मॅटवर. त्या मॅटमुळे त्यांचा पराक्रम उणा झाला असे म्हणायची कोणाची छाती होईल? उलट जिथे संरक्षण ज्याचे त्याच्यावर सोडले गेले, तिथे काय झाले हे पैलवानाच्या गोळा झालेल्या कानांवरून कळते. कान झाकणारे गार्ड परदेशी कुस्तीत आले. आपल्याकडे मोडका कान ही ओळख बनली.

क्रिकेटमध्येही तेच. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी १९४८ साली ॲडलेडच्या कसोटीत ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली, ती पायांना पॅड बांधूनच. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही, कारण पॅड सगळेच बांधत. १९७० च्या दशकात हेल्मेट आले तेव्हा मात्र पहिल्या घालणाऱ्यांना टोमणे ऐकावे लागले.

हे कोडे अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७३ साली आइस हॉकीच्या हेल्मेटवरून मांडले होते. डोके वाचावे असे खेळाडूला वाटते, पण इतर घालत नाहीत म्हणून तोही घालत नाही. नियम झाला तर मात्र त्याची हरकत नसते. अमेरिकेतल्या प्रमुख लीगने १९७९ साली नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे केले, आणि उघड्या डोक्याने खेळणारा शेवटचा खेळाडू १९९७ साली निवृत्त झाला. सायकल-शर्यतींतही, २००३ च्या मार्चमध्ये आंद्रेई किविलेव्ह पडून मरण पावल्यावरच हेल्मेटची सक्ती आली. प्रत्येक ठिकाणी एकेकट्याने जे जमले नाही ते सर्वांनी मिळून ठरवल्यावर सहज जमले.

म्हणून "पॅड बांधावे की नाही" हा प्रश्न मी आता एकट्या विद्यार्थ्याला विचारीत नाही. चढताना पॅड पिशवीत असू द्या. गुडघा घामेजून चढण्यात शहाणपण नाही. सपाट कच्च्या रस्त्यावर हेल्मेट आणि हातमोजे पुरेत. मात्र डांबर सोडून उताराला लागण्यापूर्वी सगळ्यांनी थांबायचे, सगळ्यांनी बांधायचे, आणि एकाकडे नसेल तर सगळ्यांनी रस्त्याने परतायचे. त्या शिराळ्याच्या मुलाच्या मित्रांनी हा दंडक आपणहून घालून घेतला आहे. त्यात उपदेश नाही, म्हणून तो टिकला असावा. माथ्यावर पाच जण एकाच वेळी खाली वाकून पट्टे आवळतात तेव्हा आज्जीची आठवण कोणाला होत नाही.

आपण शिक्षक मंडळी या बाबतीत काय करू शकतो? सायकल आपला विषय नाही, हे खरे. परंतु 'चिलखत' आणि 'कवच' हे शब्द आपल्याच तासाला येतात. ते शिकवताना चिलखत कोणी चढवले आणि त्यानंतर तो माणूस गडावर सुखरूप परतला, हेही त्याच दमात सांगायला काय हरकत आहे? परतण्याचे वर्णन करायला आपण फारसे शिकलेलो नाही. पडण्याचे मात्र भरपूर करतो. डोंगरावर गेलेल्या मुलाची घरी वाट पाहणारी माणसे त्या परतण्याकडेच डोळे लावून बसलेली असतात.