तूलाँचा घाट, मुंबईचा साग

12 मे, कुंभिवली
पावसाआधी छप्पर उतरवून घेतोय. आजोबांच्या वेळची तुळई खाली आली, तेव्हा सुताराने जंबुराने एक खिळा उपटून माझ्या तळहातावर ठेवला. डोकं तेवढं तांबरलेलं; लाकडात रुतलेला भाग काळसर, तेलकट, कडा शाबूत. "दादा, साग खिला खात नाय," म्हणाला. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंड कुरतडतं. सागात उलट तेल. मुंबईच्या गोदीचं नाव झालं त्यात या गुणाचा वाटा मोठा.

14 मे
रात्री 'फ्रँकलिन'बद्दल वाचत बसलो. साने या फ्रेंच नौकाशिल्पकाराने आखलेली, तूलाँला 1797 मध्ये पाण्यात उतरलेली 80 तोफांची युद्धनौका. ऑगस्ट 1798 मध्ये अबूकीरच्या उपसागरात इंग्रजांशी लढताना तिच्या शेजारीच नांगरलेलं 'लोरियाँ' हे फ्रेंच जहाज दारूकोठारासह उडालं. जळते तुकडे 'फ्रँकलिन'वर पडले, आग विझवून ती पुन्हा लढली आणि अखेर इंग्रजांच्या हाती लागली. त्यांनी तिचं नाव 'कॅनोपस' ठेवलं. तोफांचे मजले दोनच, पण लांबी सुमारे 194 फूट आणि चाल सुरेख. शत्रूचा घाट इतका आवडला की इंग्रजांनी त्याच मापाच्या नौका बांधायला घेतल्या. त्यातल्या चार आपल्या मुंबईत, मलबारी सागात झाल्या: 'गँजेस' 1821, 'एशिया' 1824, 'बॉम्बे' 1828, 'कलकत्ता' 1831.

21 मे
खोपोली लोकलने मुंबईला जाऊन आलो. गोदीच्या लायन गेटच्या आत आपल्याला प्रवेश नाही, बाहेरूनच भिंत पाहिली. लवजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून इथे आले, पुढे त्यांच्याच घराण्याने गोदीचं बांधकाम सांभाळलं. सान्यांचं नाव मिळतं, वाडियांचं मिळतं. तूलाँची वळणं सागात हुबेहूब उतरवणारे करवते आणि सुतार कोण, ते मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही. याचा मला मनापासून राग येतो. आराखडा कागदावर असतो. फळी वाकवायला हात लागतात.

26 मे
आज नवारिनोच्या लढाईबद्दल वाचलं. 20 ऑक्टोबर 1827. ॲडमिरल कॉड्रिंग्टन यांची ध्वजनौका मुंबईची 'एशिया'. सोबत रशियन आणि द रिन्यी यांचा फ्रेंच ताफा, समोर तुर्क आणि इजिप्तचं आरमार. म्हणजे फ्रेंच घाटाची नौका या वेळी फ्रेंचांच्या बाजूने लढली! नांगर टाकून, अगदी जवळून तोफा डागल्या गेल्या. 'एशिया'ची मागची डोलकाठी कोसळली, पण दोस्तांचं एकही जहाज बुडालं नाही, आणि ग्रीसचं स्वातंत्र्य जवळ आलं. निव्वळ शिडांच्या जहाजांची ही शेवटची मोठी लढाई.

'गँजेस'चं आयुष्य 'एशिया'हून लांब. 1857 पासून पॅसिफिकमध्ये ध्वजनौका, 1866 पासून फॅल्मथला नाविक पोरांची शाळा, पुढे हार्विच. ती मोडीत निघाली 1930 मध्ये.