जात्याजवळचं कुत्रं

मोठं कुत्रं आणायचं तर आधी भिंत वाढवावी लागेल, एवढ्या एका गोष्टीवर घरात एकमत आहे. बाकी कशावरच नाही. आमच्या कंपाउंडची भिंत माझ्या छातीपर्यंत येते. जर्मन शेफर्डला ती म्हणजे पायरी. पोरगा म्हणतो, "आई, वर जाळी मारूया की." सासूबाई विचारतात, "आणि माझ्या सांडग्यांवर ऊन कुठनं यायचं?" हे काहीच बोलत नाहीत, वाकून गेटखालची फट बघतात.

मला मात्र 'आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय' ही म्हण आठवली, आणि ती काही डोक्यातून जायला तयार नाही. म्हणीचा रोख ठाऊक आहे. कुठल्याही ढिसाळ कारभाराला ती चिकटवता येते आणि आमच्याकडं रोज कुठं ना कुठं चिकटवलीही जाते. पण खऱ्या कुत्र्याच्या अंगानं तिच्याकडं बघायला लागलं की काही जुळत नाही. पहिलं म्हणजे कुत्रं आत आलं कसं? जातं सोप्यात नाहीतर माजघरात. म्हणजे दार सताड उघडं होतं, आणि ते कुणाला खटकलेलंही दिसत नाही. दुसरं, डोळे नाहीत म्हणून कानही नाहीत का? उलट, न दिसणाऱ्याचे कान तिखट म्हणतात. पण जात्याची घरघर चालू असताना चाटण्याचा आवाज कुणालाच यायचा नाही. डोळसालासुद्धा. तो ऐकायचा तर हात थांबवायला पाहिजे, आणि हात थांबवला तर दळण व्हायचं कधी? म्हणजे पीठ जातं ते आंधळेपणापायी की कामापायी?

तिसरी शंका जरा पोरकट आहे. कुत्रं कोरडं पीठ खातं का? टाळ्याला चिकटत नाही? मी गल्लीतल्या तांबड्या कुत्र्यापुढं मूठभर जोंधळ्याचं पीठ टाकून बघितलं. त्यानं हुंगलं, शिंकलं, पांढऱ्या नाकानं माझ्याकडं एकवार बघितलं आणि समोरच्यांच्या दारात जाऊन बसलं. तिथं त्याला शिळी भाकरी मिळते. एका कुत्र्यावरून म्हण खोटी पडत नाही. म्हणीतलं कुत्रं जास्त भुकेलं असेल.

माझी आजी भुदरगडातली. तिच्या मते त्या आंधळीला सगळं ठाऊक होतं. "दोघांचं दळत हुती ती," असं ती अगदी शेजारणीबद्दल सांगावं तसं सांगायची. मला हा अर्थ फार आवडतो. पण हीच आजी पिठाच्या डब्याला आम्हा पोरांचा हात लागू द्यायची नाही, तेव्हा तिच्या उदारपणावर किती विसंबायचं कोण जाणे.

एक खरं की ते कुत्रं कुणाचंच नव्हतं. गावचं होतं. चार घरी तुकडा, पाचव्या दारात झोप. मालक नाही म्हणून पट्टा नाही, आणि पट्टा नाही म्हणून भिंतीचा प्रश्न नाही. आमचं कळंबाही अजून धड ठरलेलं नाही: अपार्टमेंट कोल्हापूरची, ग्रामपंचायत गावची आणि हद्दवाढीचं भांडण वर्षानुवर्षं तसंच. गारगोटी रस्त्याच्या एका अंगाला उसाचा फड, दुसऱ्या अंगाला 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी. त्या फडाच्या खोडव्यात कधी धनगर मेंढरं बसवायला येतात. त्यांच्या कुत्र्यांना ना भिंत ना साखळी, तरी ती कळप सोडून हलत नाहीत. आणि तळ्याकडं जाताना एका बंगल्यात एक शेफर्ड बांधलेला दिसतो. साखळी जिथवर पोचते तिथवर गवताची काडी नाही, नुसती गुळगुळीत तांबडी माती, कंपासनं आखल्यासारखी. त्याच्या पलीकडं हरळी हिरवीगार. तो भुंकत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघतो आणि त्या मातीच्या कडेकडेनं चालत राहतो. तसलं काही आपल्या दारात नको, यावर मी ठाम आहे. मग मोकळं सोडायचं? भारतीय न्याय संहितेचं 291 कलम आहे. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कुत्रं बाहेर आणि मी कळंब्याच्या आत.

'कळंब्याच्या आत' म्हटलं की कोल्हापुरात कुणालाही एकच गोष्ट कळते. आमच्या गावाचं नाव मध्यवर्ती कारागृहानं असं पळवलंय की पाहुण्याला पत्ता सांगितला की तो आधी हसून घेतो. त्या जेलच्या भिंतीशी आमच्या भिंतीची तुलनाच नको, पण गंमत अशी की तिच्यावरूनही मोबाइल आणि गांजा आत फेकल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. आणि अंबाबाईच्या देवळातला लाडूचा प्रसाद कितीतरी काळ याच भिंतीआड वळला जायचा. आत राबणारे दिसत नाहीत, बाहेर खाणारे विचारत नाहीत. इथं म्हण पुन्हा डोकावते, पण तिच्यातलं कोण कोण ते माझ्याच्यानं लावून होत नाही.

भिंतीशिवायचा तुरुंगही आपल्याच मुलखात निघाला. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, 1939 साली. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर. त्यानं राजेसाहेबांना गळ घातली आणि स्वतंत्रपूर उभं राहिलं. शिक्षा झालेल्या माणसांनी शेती करायची, बायकापोरांसह राहायचं. कुंपण नाही. त्यावरूनच गदिमांनी गोष्ट लिहिली आणि आमच्या कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा खुनी, एक जेलर आणि माळरान. त्यांना धरून ठेवतात ते जेलरचे नुसते डोळे. मी तो चित्रपट लहानपणी पडद्यावर बघितला तेव्हा मला कैद्यांपेक्षा त्या डोळ्यांचीच भीती वाटली होती. भिंत निदान रात्री तुमच्याकडं बघत तरी नाही. शिवाय याच चित्रपटातल्या बैलाच्या झुंजीत, जेलर झालेल्या शांतारामबापूंच्या डोळ्याला जबर इजा झाली. ज्याच्या नजरेनं माणसं बांधली गेली, त्याच्याच डोळ्यांवर पट्टी, आणि तीही एका मोकळ्या जनावरापायी. यातून काय घ्यायचं ते मला कळलेलं नाही.

पोराचा हट्ट आता मुधोळ हाउंडवर आलाय. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं तेवीस जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्दही केलं; या गोंधळात नको, आपल्या मातीतलं घेऊ, असं त्याचं म्हणणं. मुधोळ काही परकं नाही, घोरपड्यांचं संस्थान. मालोजीराजांनी बेरडांकडची ही कुत्री जोपासली, एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जपर्यंत पोचवली. 2005 साली टपालखात्यानं तिकीटही काढलं. पण हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार हेरतं. लांब काही हललं की सुटलं. म्हणजे त्याला आवरायचं तर भिंत उंच नको, आंधळी हवी: पलीकडचं काही दिसूच नये अशी. जाळीतनं त्याला सगळा रस्ता दिसणार आणि ते दिवसभर जळत राहणार. पत्रा मारावा तर सासूबाईंचं ऊन गेलं, आणि मलाही समोरच्या दारातलं तांबडं कुत्रं दिसायचं बंद होईल.

त्या तांबड्याचं काय करायचं, हे तर कुणी विचारतच नाही. मोठं कुत्रं आलं की ते दारात फिरकणार नाही. पोरगा म्हणतो, बरंच झालं. मला तसं म्हणता येत नाही, आणि त्याच्यासाठी मोठं कुत्रं आणू नये असंही म्हणता येत नाही.

एवढ्यात जाळीचा दर मीच विचारलाय, पिल्लाचाही. घरात अजून सांगितलेलं नाही. सगळा हिशेब मांडायला बसले की मन आपलं त्या आंधळीकडं वळतं. आजी म्हणायची तसं ती खरंच दोघांचं दळत असेल, तर संध्याकाळी पीठ कमी भरल्यावर घरच्यांना ती काय सांगत असेल?